पहिली टाळी तात्यांची

“बसा खाली! संपलं न्हाई अजून!”

सांगलीच्या एका सभागृहात, ऐन कार्यक्रमात, पहिल्या रांगेतला एक माणूस उठला, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याने प्रेक्षकांना असा दम भरला. मी स्टेजवर कीबोर्डपाशी होते, बोटं हवेत धरून. आमच्या त्या रचनेत बाराव्या मिनिटाला आठ मात्रांची शांतता होती. गाणं संपलं असं समजून अर्धं सभागृह उठलं होतं, काहींनी तर गाडीच्या किल्ल्याही काढल्या होत्या. त्या आवाजाने सगळे मुकाट बसले. मग अमोलने ड्रमवर काडी टाकली आणि उरलेली नऊ मिनिटं आम्ही वाजवली.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना गाठून विचारलं, “तुम्हाला कसं कळलं, संपलं नाही ते?”

“ड्रमवाल्यानं काड्या खाली ठेवल्या नव्हत्या की. हत्यार हातात हाय तंवर लढाई संपत न्हाई, मास्तरीण बाई.”

मी शाळेत संगीत शिकवते हे त्यांनी तेवढ्यात कुणाकडून तरी काढलं होतं. तेव्हापासून माझं नाव मास्तरीण बाई. ते हवालदार तात्या माने, रहिमतपूरचे. लष्कराच्या सिग्नलमधून निवृत्त, घरचा ऊस, अंगात बाराही महिने हिरवा स्वेटर आणि पँटची इस्त्री अशी की बोट कापावं.

आमच्या बँडचं नाव ‘खोडवा’. ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यांतून जे दुसरं पीक येतं, ते खोडवा. आम्ही चौघं प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवायचो, म्हणजे वीस-वीस मिनिटांच्या रचना, शब्द थोडे आणि ताल मध्येच कूस बदलणारे. सांगलीत लोक त्याला ‘ते लांबडं’ म्हणत. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हळदीचा व्यापार. वडील म्हणायचे, “तुझं गाणं चालू होतं, मी बाजारात जाऊन येतो, तरी तू तिथंच.” त्यांचं काही फार चुकत नव्हतं.

उसाच्या गावातल्या माणसाला हे संगीत कुठून लागलं, हे कोडंच होतं. तात्यांनी ते एकदा सोडवलं. उत्तरेतल्या कुठल्याशा छावणीत साहेबांचा टेपरेकॉर्डर बिघडला, तो यांनी दुरुस्त केला आणि चालतो का बघायला साहेबांचीच कॅसेट लावली. विलायती बँड. एक बाजू संपली तरी गाणं एकच. “साहेब म्हनलं, ऊब गये होंगे, बंद करो. मी म्हनलं, नो सर! वायरलेसवर आमी तास तास खरखर ऐकायचो, मास्तरीण बाई. मधीच एक शब्द यायचा. त्या शब्दासाठी खरखर ऐकायची. दम धरनाऱ्यालाच शब्द गावतो.”

‘दम धरा’ हा त्यांचा मंत्र होता आणि त्यांच्या मंडळाचं नावही तेच. रहिमतपूर, कोरेगाव, सातारा अशी चाळीसेक माणसं त्यांनी या लांबड्याला लावली. साखर कारखान्यातले फिटर, दोन शिक्षक, गुरांच्या दवाखान्यातले एक कंपाउंडर. टेम्पो ट्रॅव्हलर आणि एक जीप करून ही वरात आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला हजर. आमच्या रचनांत फसवे शेवट फार असत. भलत्या जागी टाळ्या पडू नयेत म्हणून तात्यांनी नियमच केला होता, की पहिली टाळी तात्यांची. ते अमोलच्या काड्यांवर डोळा ठेवून बसत. काड्या खाली आल्या की तात्या टाळी देत आणि मग चाळीस जणांची सर कोसळे. बाकीचे प्रेक्षकही हळूहळू तात्यांच्या हाताकडे बघायला शिकले. आम्हीसुद्धा.

सोप्या गाण्यांचा त्यांना भयंकर तिटकारा. “पांढराफेक गूळ हाय त्यो, पावडर मारल्याला. तोंडात टाकला की ग्वाड, आन्‌ मागनं घसा धरतोय.” मंडळातल्या कुणाच्या मोबाईलवर चुकून एखादं चालू गाणं वाजलं, तर त्याला टेम्पोत मागच्या सीटवर बसवत. या बाबतीत ते अन्यायी होते, हे मी आज सांगू शकते. तेव्हा आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा, कारण फायदा आमचा होता.

मग आम्हीच सोपं गाणं केलं.

ते तात्यांच्याच घरात सापडलं होतं. एकदा मी रहिमतपूरला त्यांच्याकडे जेवायला थांबले. तात्यांच्या पत्नी, आमच्या काकू, चुलीपुढे बसून बोलत होत्या. सतरा वर्षं नवरा लष्करात. सुट्टी मंजूर झाल्याचं कळायचं, पण गाडी कधी पोचेल ते कळायचं नाही. “मग आठ-आठ दिस दाराला कडी लावत न्हवते बघ. नुस्तं वढून घ्यायची. कवा येतील, त्येंस्नी हाक मारायला लागू नये म्हनून.” मी परत येताना एसटीत चार ओळी लिहिल्या. ‘उशीर झाला तरी ये, दार ओढलंय, कडी नाही.’ साधे चार ठोके, तीन मिनिटं, ध्रुवपद तीनदा. त्याच्या पाठोपाठ आणखी दोन तशीच गाणी आली. दहा वर्षं गणितं सोडवून दमलेल्या माणसाला अंगणात बसायला मिळावं, तसं आम्हा चौघांना झालं.

पण अमोलच्या खिशात तेव्हा पुण्याच्या नोकरीचं पत्र होतं. घरात दोन लहान मुलं. तो म्हणाला, “ही गाणी तात्यांच्या लोकांना रुचली तर मी नोकरी सोडून देतो. आपल्याला खरं ऐकणारी तेवढीच माणसं आहेत. त्यांनी नाकारलं, तर सोमवारी मी पुण्यात.” अमोलशिवाय खोडवा नाही, हे आम्हा तिघांना सांगायची गरज नव्हती.

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी मी कडीचं गाणं मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी ऐकलेलं दिसत होतं, पण एकाचाही शब्द नाही. दोन दिवसांनी पवार गुरुजींनी लिहिलं, “तात्यांचं मत काय?” तात्यांनी उत्तर दिलं, “कार्यक्रमात बघू.” तो आठवडा मी शाळेत पोरांना कुठला राग शिकवला, देवाला ठाऊक.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी टेम्पोतून काकूही उतरल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तात्यांशेजारी पहिल्या रांगेत बसल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. आम्ही सुरुवातच त्या गाण्याने केली. मी काकूंकडे बघायचं टाळत होते, तरी दिसत होतं, त्यांचे ओठ हलत होते. गाणं संपलं. अमोलच्या हातात काड्या तशाच उभ्या, मुठी पांढऱ्या पडलेल्या.

टाळी आली नाही.

चाळीस जण तात्यांच्या हाताकडे बघत होते आणि उरलेलं सभागृह त्या चाळिसांकडे. मी मनात मात्रा मोजल्या. आठ, सोळा. वीस मिनिटांच्या रचनेत मी एवढी लांब शांतता कधी लिहिली नव्हती. तात्या समोर बघत होते, माझ्या पलीकडे कुठेतरी. चोविसाव्या मात्रेला अमोल उठला, त्याने काड्या ड्रमवर ठेवल्या आणि तो आत निघून गेला. आम्हीही गेलो. मागून बाकीच्या प्रेक्षकांच्या टाळ्यांचा आवाज आला तेव्हा आम्ही मेकअपच्या खोलीत होतो आणि अमोल दाराला आतून कडी घालत होता. त्या टाळ्या आम्हाला हाकलून दिल्यासारख्या वाटल्या.

दार वाजलं. मी उघडलं. तात्या होते, त्यांच्यामागे पवार गुरुजी आणि निम्मं मंडळ.

“आरं, काड्या खाली ठेवल्या न्हाईस,” तात्या अमोलला म्हणाले. “मला वाटलं, अजून हाय.”

अमोलने त्यांच्याकडे सरळ बघितलं. “तात्या, गाणं आठ दिवस तुमच्या फोनमध्ये आहे. तीन मिनिटांचं गाणं कुठं संपतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं?”

उत्तर गुरुजींनीच दिलं, “तात्या कशाला वाजवतील टाळी? पांढरा गूळ विकायला लागलाय तुम्ही.” तात्यांनी त्यांना अडवलं नाही. मला त्यांचा इतका राग आला की मी दार लावून घेतलं. स्टेजवर परत कुणीच गेलं नाही.

दोन दिवसांनी, रविवारी सकाळी, ते एकटेच एसटीने सांगलीला माझ्या घरी आले. मी त्यांना बसा म्हटलं नाही. ते उभेच राहिले.

“खोटं बोललो मी, मास्तरीण बाई. संपल्यालं ठावं हुतं. गाणं पाठ हाय मला. घरात दुसरं काय वाजतच न्हाई.”

“मग?”

“भ्यालो. मागं चाळीस मानसं. त्येंस्नी मीच शिकवलं, सोपं ते खोटं. आता मीच टाळी दिली तर काय म्हनतील?” त्यांनी स्वतःच्या तळव्याकडे बघितलं. “हिनं हात उचलला हुता टाळीला. मी धरला. धरून खाली दाबला. आक्का दोन दिस बोलली न्हाई माज्याशी.”

बायकोला ते आक्का म्हणत. मी मुकाट्याने खुर्ची पुढे केली.

“अमोलला फोन लाव.”

मी लावला, स्पीकरवर टाकला. तात्या खुर्चीतून परत उठून उभे राहिले, साहेब समोर असल्यासारखे. “अमोल, हवालदार माने बोलतोय. गाणं लय भारी हाय. मी भ्यालो रं. माझी चूक हाय, तुमची न्हाई.”

पलीकडून वाहनांचे आवाज येत होते. मग अमोल म्हणाला, “तात्या, सामान टेम्पोत भरलंय. कराड मागे टाकलं आम्ही. परवा तुम्ही हे म्हणाला असतात तर मी गेलो नसतो.” आणि त्याने फोन ठेवला.

तात्यांनी मग स्वतःचा फोन काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर माझ्यासमोरच आवाज भरून पाठवला. “मी टाळी दिली न्हाई, ती भिऊन दिली न्हाई. ते गाणं मला आवडतंय. लांबडं बी आवडतंय आन्‌ हे बी. इतकी वर्सं मी तुमाला निम्मंच शिकवलं. ज्याला पटत न्हाई त्यानं खुशाल जावं.” पाठवून फोन टेबलावर ठेवला आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. पहिले गुरुजी बाहेर पडले. मग एक, आणखी एक. अकरा जण गेले. प्रत्येक नावाला तात्या नुसती मान हलवत होते. इतकी वर्षं जमवलेली माणसं चहा निवायच्या आत निघून गेली होती.

मग एका फिटरचा निरोप आला. “तात्या, रात्रपाळीत आमी तेच लावतोय. तुमाला कळू नये म्हनून इयरफोन घालून.” कंपाउंडरांनी लिहिलं, “माझी लेक घरात हेच म्हणतीया. मी तिला गप बसवत हुतो.” एकामागून एक चौदा-पंधरा जण. सगळ्यांना गाणं आवडलं होतं आणि सगळे तात्यांच्या हाताची वाट बघत होते. तात्या ते वाचून हसले नाहीत. “बघा,” म्हणाले, “माज्या एका हातानं किती मानसांचं हात धरून ठेवल्यालं.”

सहा महिन्यांनी आम्हाला दुसरा ड्रमर मिळाला. कडीचं गाणं आमच्या भागात बरंच पसरलं, शिराळ्यापासून दहिवडीपर्यंत लग्नांतही वाजू लागलं. आता आम्ही दोन्ही वाजवतो, सोपं आणि लांबडं. तात्या काकूंना घेऊन येत. अमोलचं नाव मात्र त्यांनी माझ्यापाशी पुन्हा काढलं नाही आणि मीही काढलं नाही. ते तो विषय विसरले असावेत, अशी मी माझी सोयीची समजूत करून घेतली होती.

गेल्या माघात तात्या गेले. शेतातून आले, पाणी प्यायले आणि गेले. मी रहिमतपूरला पोचले तेव्हा अंगणात माणसं बसली होती आणि त्यांत, कोपऱ्यात, अमोल. तीन वर्षांनी बघत होते मी त्याला. त्याने मान वर केली नाही. काकू बाहेर आल्या तसा तो उठून त्यांच्या पायाशी बसला.

“काकू, तात्यांचा दर रविवारी फोन यायचा मला. दर रविवारी. मी एकदाही उचलला नाही.” त्याने काकूंचे पाय धरले. “आधी रागानं उचलला नाही. नंतर लाजेनं. आता काय बोलायचं, म्हणून.”

काकूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“तुला फोन लावला की तुज्याकडं आपलं गाणं वाजतंय न्हवं? रिंगच्या जागी?”

अमोलने मान हलवली. पुण्याला गेल्यावर त्याने कडीच्या गाण्याची कॉलर ट्यून लावली होती, हे मला तेव्हा कळलं.

“त्येच ऐकायचो आमी. रविवारी सकाळी हितंच बसून, फोन मधी ठेवून,” काकू म्हणाल्या. “तू उचलू नये म्हनून ह्येंचा जीव वर-खाली व्हायचा. उचलला असतास, तर गाणं बंद पडलं असतं की रं, बाळा.”