शेजाऱ्यांनी भरलेली यादी

शनिवार, १७ जानेवारी. सिल्व्हर पार्कच्या भाजीबाजारातून आणलेले दोन किलो मटार सोलायचे होते, पण आधी यादी. रविवारी आमच्या सोसायटीच्या ऑफिसात मेंदू आणि नसांचे डॉक्टर मोफत तपासायला येणार होते. मी सेक्रेटरी, त्यामुळे नावं गोळा करणं माझ्याकडे.

डॉक्टर फोनवर म्हणाले होते, काळजी करू नका, यादी भरेल. अर्धशिशी, चक्कर, मुंग्या, फिट, कंप, विसर, सगळं यात येतं. मोठ्या माणसांत हे फार सर्रास असतं, फक्त सर्दीसारखं कुणी बोलून दाखवत नाही.

मला पटलं, कारण मीही बोलले नव्हते. सहा महिन्यांपासून माझा उजवा हात थरथरत होता. घरात कळू नये म्हणून मी दोघांनाही चहा अर्धाच कप ओतायचे आणि साखर कमी करायची आहे असं सांगायचे. माझ्या आत्याचं असंच सुरू झालं होतं, आणि शेवटी तिला भरवावं लागलं. नवऱ्याच्या हातून जेवायची माझी तयारी नव्हती. तो फार मोठे घास करतो.

दारोदार फिरले. सगळे ठणठणीत. तिसऱ्या मजल्यावरच्या बेननी डोक्याला घट्ट ओढणी बांधूनच दार उघडलं आणि म्हणाल्या, "मुझे कुछ नहीं है. ऊपरवाले अंकल का लिखो, अपना घर समझके मेरे घर में आ जाते हैं." वरच्या काकांनी बेनच्या डोकेदुखीची सविस्तर माहिती दिली. स्वतःबद्दल म्हणाले, "मी मजला चुकत नाही, लिफ्ट चुकते."

शेवटी नोटीस बोर्डावर कोरा कागद लावला, शेजारी दोरीने पेन बांधलं आणि मटार सोलायला बसले.

संध्याकाळी खाली गेले तर एकोणीस नावं. तक्रारअर्ज वाचून वाचून सोसायटीतली अक्षरं मला पाठ झालीत. स्वतःचं नाव एकानेही लिहिलं नव्हतं. बेनच्या अक्षरात काका, काकांच्या अक्षरात बेन. जावयाच्या अक्षरात सासूबाई, लगेच खाली सासूबाईंच्या अक्षरात जावई. चौथं नाव माझ्या नवऱ्याचं, ते दुपारी मीच येऊन लिहिलं होतं. त्याचा डावा पाय रोज बधिर होतो आणि तो चपलेला दोष देतो.

सतरावं नाव माझं. अक्षर नवऱ्याचं.

वर येऊन विचारलं. तो सोललेले मटार खात बसला होता.

"अगं, सहा महिने अर्धा कप चहा पितोय मी," तो म्हणाला. "साखरेसाठी पितोय असं वाटलं तुला? तुझी आत्या मीही पाहिलीये."

मी मटारांचं पातेलं त्याच्यापुढून उचललं. मग म्हटलं, "तसलंच काही निघालं, तर घास लहान करशील?"

"करीन. पण आधी नंबर लाव."

रविवारी सकाळी मी दोन्ही कप काठोकाठ भरले. ओट्यावर सांडलेला चहा त्याने पुसला. मग मी खाली जाऊन सतराव्या ओळीतलं नाव खोडलं, यादीच्या डोक्यावर माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं आणि डॉक्टर यायच्या आधी पहिल्या खुर्चीवर जाऊन बसले. दुसरीवर त्याला बसवलं, चपलेसकट.