टपावरचा सांधा

"घाटातून जायचं नाही म्हटलं ना मी."

"मग कुठून जायचं? डोंगर बघायला निघायचं आणि डोंगरालाच बगल द्यायची?"

"खालून रस्ता आहे. नदीच्या कडेने. वेळ जास्त लागेल, लागू दे."

"त्या रस्त्यावर बघणार काय तू? ट्रकचे मागचे दिवे?"

"तुमच्या शेजारी बसून दरी बघण्यापेक्षा ते बरे."

नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला होता. उडू नये म्हणून त्याच्या एका कोपऱ्यावर पक्कड, दुसऱ्यावर लाकडी हातोडा. भर दुपार, तापलेली पत्र्याची शेड आणि थिनरचा डोक्यात जाणारा वास. नवरा बॉनेटच्या एका अंगाला, बायको दुसऱ्या अंगाला. तिचा डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. मागच्या चाकापाशी तिचा धाकटा भाऊ, शेडमधला पेंटर, फडक्याने एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत होता. दुसऱ्यांच्या भांडणात सापडलेला माणूस असंच काहीतरी पुसत बसतो.

नवऱ्याला शेडमध्ये सगळे घण म्हणत, अर्थात पाठीमागे. ठोकलेल्या गाड्या सरळ करणं हे त्याचं काम. डोळे मिटून तो पत्र्यावरून तळवा फिरवायचा आणि भल्याभल्यांना न दिसलेला खळगा त्याच्या हाताला सापडायचा. मग हातोडा चालायचा. संध्याकाळी शेड बंद व्हायची, हात बंद व्हायचे नाहीत. घरी कपाटाचं दार, फ्रिज, न्हाणीतला आरसा, जे समोर येईल ते. आणि दुसऱ्या दिवशी, चहाही न घेता, तोच दुरुस्तीला बसायचा. इतकं बेमालूम काम, की त्या फ्रिजवर आदल्या दिवशी पातेलं बसलं होतं हे कोणाला सांगून पटलं नसतं. शेजारीण म्हणायची, "घर किती नीट ठेवतात गं तुझे हे." बायको म्हणायची, "हो ना, मोडल्याशिवाय त्यांना नीट ठेवताच येत नाही." शेजारीण पोट धरून हसायची.

बायकोचं मनगट मात्र त्याला सरळ करता आलं नाही. ते डॉक्टरांनी केलं. दवाखान्यातून परत येताना घणाने जाहीर केलं, की या सुट्टीत फिरायला जायचं. तू, मी आणि पोरगी. आपल्या स्वतःच्या गाडीने.

डोंगर त्याने कधी पाहिला नव्हता, पण त्याला तो पाठ होता. तिकडच्या चेपलेल्या गाड्या त्याच्याकडेच यायच्या.

"हे वळण बघ," त्याचं बोट नकाशावर सरकलं. "इथे कड्याला घासतात. गाडी एका अंगाने सोलून निघते. पुढे हे तळ्याचं गाव. उतारावर बाजार आहे, तिथे हमखास मागून बसते. आणि हे उद्यान. हरणं मोकळी फिरतात."

"हरणांचं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"काचा काढताना केस सापडतात."

बायकोने डोळे मिटून घेतले. "माणसं बागा बघायला जातात. तुम्ही कुठे कोण मेलं ते दाखवायला नेताय."

"म्हणूनच मला कळतं कुठे जपायचं. माझ्यासारखा गाडी चालवणारा शोधून दाखव."

"परवा त्या टेम्पोवाल्याला नाल्यापर्यंत घासत नेलंत, ते जपणं होतं? पोरगी मागे किंचाळत होती."

"त्याने आधी डोळ्यांवर लाइट मारला."

तिने दमून गाडीच्या टपावर उजवा हात टेकला. लग्नानंतर नव्या नवलाईत घण तिचा तळवा हातात घेऊन दारांवरून, बॉनेटवरून फिरवायचा. खळगा ओळखलास तर आइस्क्रीम. तेवढंच त्यांचं फिरणं झालं होतं. हात ते विसरला नव्हता. तो आपोआप सरकला आणि थांबला. टपावर या दारापासून त्या दारापर्यंत एक आडवी रेघ बसलेली होती.

"पेंटर," ती म्हणाली. एरवी ती भावाला बाळ्या म्हणायची. "हे काय आहे?"

"पुट्टी बसलीय, ताई. जाड लावली होती. वाळू दिली नाही, सुट्टीच्या आत गाडी हवी होती."

"कशावर लावलीस ते विचारतेय."

पेंटर भावोजींकडे बघत राहिला.

"सांग की," घण म्हणाला. "चोरी केलीय का आपण?"

"मागचा अर्धा दुसऱ्या गाडीचा आहे. एक पुढून गेलेली, एक मागून. भावोजींनी मधून कापून जोडल्या."

"दोन्हींचं चांगलं तेवढं घेतलं. वाईट ते भंगारात," घण अभिमानाने म्हणाला. "बायका-माणसांत अशी सोय असती तर काय पाहिजे होतं."

"पोरगी मागे बसणार होती," बायको म्हणाली.

पेंटर उठला. रेघेवर त्याने बोटं पसरून ठेवली. "भावोजी, इथल्या इथे चालवा, माझं काही म्हणणं नाही. पण घाटात वळणावर पिळा पडतो. ही नुसती पुट्टी बसलेली नाही. हात लावून बघा. सांधा सरकलाय."

"माझं वेल्डिंग सुटतं?"

"मी कुठे—"

हातोडा कधी उचलला ते कोणाला दिसलंच नाही. पत्रा दणाणला, आणि त्या दणक्याखाली बोटं मोडल्याचा आवाज बुडून गेला. पेंटर आधी नुसताच बघत राहिला, आपला हात आहे की दुसऱ्याचा. मग ओरडला. दुसरा घाव खांद्यावर बसला आणि तो चाकाशी कोसळला. तिसऱ्यासाठी हात वर गेला तेव्हा बायकोने प्लास्टरचा हात फिरवून नवऱ्याच्या कानशिलात घातला. प्लास्टर तडकलं. तिच्या तोंडून हुंकार निघाला, तो त्याला लागल्याचा की तिला, कळलं नाही. घण बॉनेटवर आदळला, नकाशासकट घसरला आणि कान धरून उभा राहिला.

मग त्याची नजर टपाकडे गेली. नवा खळगा पडला होता. त्याने त्यावरचं रक्त बाहीने पुसलं, डोळे मिटले आणि तळवा फिरवला.

"निघेल," तो म्हणाला. "आतून ठोकला की निघेल. रंगाचं नंतर बघू."

बायको ओढणीने भावाचा हात गुंडाळत होती. बोटं मोजायची तिने टाळली.

घणाने नकाशा उचलून पुन्हा बॉनेटवर अंथरला, तळव्याने चुण्या काढल्या. "बरं बाई, तुझंच खरं. खालून जाऊ, नदीकाठाने. घाट नको. सांधाही पुन्हा मारतो, पक्का. आता तरी झालं?"

तिने भावाच्या काखेत खांदा घातला आणि त्याला उभं केलं.

"हे बघ, पहिला मुक्काम तळ्याच्या गावी करू. की सरळ उद्यानापाशीच? पोरीला काय आवडेल? अगं, तुलाच विचारतोय, कुठे थांबायचं?"

भावाला सांभाळत, दारातल्या सुट्या चाकाला वळसा घालून, ती बाहेर उन्हात निघून गेली.