चुलतभावाच्या शेतात गेलेली माझी माती

पोशीरजवळ आमची उताराची जमीन आहे. वाटणीत वरचा तुकडा मला आला, खालचा चुलतभावाला आणि मधला बांध दोघांना. चुलतभाऊ दर उन्हाळ्यात फावडं घेऊन आपल्या बाजूने तो बांध कोरायचा. एका वेळी चार बोटंच, पण वर्षानुवर्षं. मी रसायनीच्या कारखान्यात पाळ्या करणारा माणूस. रविवारी शेतावर जायचं, बांध बघायचा, मनात शिव्या द्यायच्या आणि घरी येऊन त्या बायकोला ऐकवायच्या, हीच माझी शेती.

मग एका उन्हाळ्यात मी सूड घ्यायचं ठरवलं. बांधावरच्या गवतावर त्याच्या म्हशी चरायच्या, म्हणून गवत जाळून टाकलं. करवंदीच्या जाळ्या मुळासकट खणून काढल्या. पॉवर टिलरवाल्याने विचारलं, नांगरट उताराला आडवी करू ना? म्हटलं, उभी कर, सगळं पाणी त्याच्या अंगावर गेलं पाहिजे. तो माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, माझ्या हुशारीवर खूश झाला.

पेरणीपुरता पाऊस झाला आणि पुढे आषाढभर त्याने तोंड दाखवलं नाही. भात वीतभर वाढून करपलं. मातीचं पीठ झालं. श्रावणात एका दुपारी मात्र पाऊस असा कोसळला की नांगराच्या तासांतून पाणी ओढ्यासारखं धावत सुटलं. चुलतभावाने खालून कोरलेला आणि मी वरून भाजलेला बांध मधोमध फुटला. माझं शेत चिखल होऊन, खालच्या ओलीवर तगलेल्या त्याच्या रोपांवर जाऊन बसलं.

मी हसलो, हे कबूल करतो. त्याची सगळी लावणी गाडली गेली होती. बायको शेजारीच उभी होती, पण ती आमच्या शेताकडे बघत होती. तिथे मुरूम आणि दगड उरले होते.

"आता यात काय पेरणार तुमी?" तिने विचारलं.

तेव्हापासून आम्ही तांदूळ विकत आणतो. पुढच्या वर्षी त्याचं भात छातीला लागलं. मला मुद्दाम हाक मारून तो शांतपणे म्हणाला, "तुजी माती लय गुणाची हाय रं. आजून हाय का वर?"

बायकोचं म्हणणं, माती परत मागा. मागितली असती तर त्याने घमेलंसुद्धा दिलं असतं आणि सावलीत बसून माझ्या खेपा बघितल्या असत्या. त्यापेक्षा मी माझ्याच शेतातले दगड वेचले आणि त्याच्या फावड्यापासून हातभर आत, माझ्या हद्दीत नवा बांध घातला. त्यावर वाळा लावला, त्याची मुळं खोल जातात. वरच्या अंगाला आणखी दोन बांध घातले. नांगरट आडवी. पालापाचोळा जाळायचा सोडून शेतातच कुजवायला लागलो. गावात कुणीतरी म्हणालं, शेतीचा अभ्यास केलेला दिसतोय. अभ्यास कसला! माझ्या मातीचा एक कणही त्या माणसाला मिळता कामा नये, एवढंच डोक्यात होतं.

गेल्या पावसाळ्यात तो बांधाशी आला. वरून झिरपणारं पाणी त्याने ओंजळीत धरलं. नितळ होतं.

"यंदा नुसतं पाणीच येतंय रं," तो म्हणाला.

मी घरी येऊन भात दोनदा मागून घेतला. तांदूळ दुकानातलाच होता. माझ्या शेतात अजून नाचणीसुद्धा धड येत नाही.