पुढाऱ्याची सही

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या आमच्या मराठी नाटकमंडळीत तर साध्या तालमीला गेलं तरी घरी येताना एखादा खिशात असतोच. त्यातले बरेचसे 'पुढारी'च्या वेळचे.

'पुढारी' म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या एका नेत्याच्या आयुष्यावरचं आमचं नाटक. दरवर्षी विनोदी एकांकिका होते, या वेळी जरा भारदस्त करू म्हटलं. लिहिलं मी, बसवलंही मीच. नेत्याचं नाव शिरीषला काही केल्या नीट म्हणता येईना, म्हणून मी ते काढूनच टाकलं. सगळे त्याला पुढारी म्हणायचे.

शिरीष आमचा नायक. सांगलीचा, सॉफ्टवेअरवाला, दहा वर्षं इथे. हॉटेलात सूप गार आलं तरी "छान आहे" म्हणून पिणारा, आणि त्याला राजाला ठणकवायचं होतं! जर्मन नागरिकत्वाचा अर्ज भरून चार महिने झाले, तरी त्याची त्यावर सही होत नव्हती. सही केली की पुढे भारताचा पासपोर्ट सोडावा लागणार, आणि ते आईला कसं सांगायचं? आई तर तीन महिन्यांसाठी इथेच आलेली. त्याची बायको मुग्धा म्हणायची, "आल्झो, म्हणजे राजाशी भांडशील, पण आईशी बोलणार नाहीस."

*

पहिल्या प्रवेशात क्रांतिकारक चहाची खोकी समुद्रात फेकतात. मी खऱ्या चहाचा हट्ट धरला. शिरीषच्या आई, म्हणजे आमच्या काकू, सांगलीहून आणलेला पुडा पोटाशी धरून बसल्या.

"भांडण राजाशी आहे ना? मग चहानं काय घोडं मारलंय?"

शेवटी भुसा वापरला. तालीम संपली आणि हॉलची देखभाल बघणारा हाउसमाइस्टर दारात उभा. इथे कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा नियम: भुसा वेगळा, खोकी वेगळी, खोक्यांवरची चिकटपट्टी आणखी वेगळी. साम्राज्य हादरवून आलेले सहा इंजिनिअर मग अर्धा तास खाली बसून चिकटपट्ट्या सोलत होते.

*

एका रविवारी तालीम शिरीषच्या घरी होती. "राजा, चालता हो!" असं आम्ही सातजण ओरडलो आणि बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या आजी. रविवार म्हणजे रूहेत्साइट, शांततेची वेळ. शिरीषने तीनदा माफी मागितली, वर चकल्या दिल्या. उरलेली क्रांती आम्ही कुजबुजत केली.

वीस मिनिटांनी आजी पुन्हा वर. "आता काहीच ऐकू येत नाही. सगळं ठीक आहे ना?"

*

पुढाऱ्याचा पांढऱ्या केसांचा टोप काकूंनी वातींच्या कापसाचा केला. फार सुरेख केला. शिरीष तो घालून आरशात बघत म्हणाला, "आई, मी अगदी आजोबांसारखा दिसतोय."

काकूंनी दोरा तोडला. "आजोबा कोणाला घाबरत नव्हते."

शिरीषने टोप हळूच काढून ठेवला. मला त्याची दया आली, पण खरं सांगतो, त्या दिवसापासून त्याचा अभिनय सुधारला.

*

प्रयोगाला हॉल भरला होता, काकू पहिल्या रांगेत. शेवटच्या प्रवेशात पुढारी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करतो. राजाच्या हाती लागला तर फाशी, तरीही करतो. मागे बाकीचे सहीसाठी रांगेत उभे.

आणि ऐन वेळी कळलं, जाहीरनामा घरी राहिलाय! मुग्धा म्हणाली, "थांबा, कागद आहे माझ्याकडे." सोमवारी सरकारी ऑफिसात अपॉइंटमेंट होती, त्यामुळे कागदपत्रांची फाइल तिच्या पिशवीत होती. तिने त्यातला एक कागद काढून टेबलावर ठेवला आणि पडदा उघडला.

शिरीष ऐटीत आला. पेन उचललं. कागद बघितला आणि जागच्या जागी थिजला. तो त्याचाच अर्ज होता.

मी विंगेतून वाक्य सांगितलं, "राजा, आजपासून तुझा माझा संबंध संपला." पुन्हा सांगितलं. शिरीषच्या हातातलं पेन हलेना. मग तो अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाला,

"आईला काय सांगू?"

माझ्या संहितेत हे वाक्य नव्हतं. मी पानं उलटत राहिलो.

पहिल्या रांगेतून काकू म्हणाल्या, "मी इथंच बसलीये. कर सही, मागे माणसं खोळंबलीत."