लिफ्टकाकांची ताठ वायर

लिफ्टकाकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी अधांतरी होतो आणि ते माझ्या डोक्यावर उभे होते. नव्या घरात सामान हलवताना एक भली मोठी गादी घेऊन मी लिफ्टमध्ये शिरलो आणि दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टने प्राण सोडला. अंधारात मी आणि गादी. आत गेलो तेव्हा मी ऐन उमेदीत होतो. बाहेर आलो तेव्हा माझे कल्ले पांढरे झाले होते, असं माझी बायको आजही शपथेवर सांगते. मध्यंतरी बाहेर दोन-चार राजवटी बदलल्या असाव्यात. शेवटी छतातली झडप उघडली, उजेडाचा झोत खाली आला आणि वरून आवाज आला, "आत किती जण?"

"मी एकटा."

"मग वजन इतकं कसं?"

"गादी आहे."

"गादीला माणसात धरायचं असतं. कुठला मजला?"

"तिसरा."

"मग तिसरा मजला, घाबरू नका. तुम्ही निघेपर्यंत मी जागचा हलणार नाही."

आणि खरोखरच ते हलले नाहीत. त्यांच्या नोकरीची वेळ संपली, जेवणाची वेळ टळली, घरून निरोप आला, तरी हा माणूस लिफ्टच्या टपावर पाना घेऊन ठाण मांडून बसला होता. त्या दिवसापासून त्यांच्या लेखी मी 'तिसरा मजला' झालो तो कायमचा. इमारतीतल्या सगळ्यांना ते मजल्यानेच ओळखतात. स्वतः मात्र तळमजल्यावर राहतात, कारण त्यांचा लिफ्टवर पूर्ण विश्वास आहे. लिफ्ट वापरणाऱ्यांवर नाही.

आयुष्यभर त्यांनी कचेऱ्यांच्या, दुकानांच्या, दवाखान्यांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या. अर्धवट सोडून गेले अशी एकही लिफ्ट नाही, हा त्यांचा अभिमान. निवृत्त झाल्यावर मुलाने त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला आणि सुनेने त्यावर बुद्धिबळ खेळायला शिकवलं. तिचा हेतू चांगला होता. तिचे वडील, म्हणजे काकांचे व्याही, दुसऱ्या गावात एकटे होते. दोघांचा वेळ जाईल असं तिला वाटलं. वेळ गेला, आणि जाता जाता सोयरीकही घेऊन जायला निघाला.

व्याही निवृत्त कर अधिकारी. समोरचा माणूस काहीतरी लपवतोय या गृहीतकावर त्यांनी उभी हयात काढलेली. रोज संध्याकाळी दोघं आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसत. सुरुवातीला सगळं गोडीगुलाबीने चाललं. मग काकांचं इंटरनेट मध्येच जायला लागलं. आपोआप जायचं आणि काका टेबलाखाली वाकून, आरोळ्या देऊन, वायर हलवून पाहीपर्यंत आपोआप यायचं. पण तोवर पटावर तांबडी पाटी झळकलेली असायची: 'तुमचा प्रतिस्पर्धी डाव सोडून गेला.' ही पाटी व्याह्यांना दिसायची.

"हरकत नाही," व्याही फोनवर म्हणायचे. "होतं असं माणसाचं."

"माणसाचं नाही, इंटरनेटचं झालं," काका म्हणायचे.

"तेच ते."

पुढे एका घरगुती समारंभात, चार पाहुण्यांसमोर, हातात चहाचा कप धरून व्याही अगदी मऊ आवाजात बोलून गेले, "आमचे व्याही हरायला लागले की वायर काढतात." सगळे हसले. सूनबाई बशी पुसत स्वयंपाकघरात निघून गेली. काका मात्र हसले नाहीत. घरी येऊन त्यांनी मला वर निरोप धाडला.

मी गेलो तेव्हा ते कॉम्प्युटरच्या टेबलाभोवती येरझाऱ्या घालत होते.

"तिसरा मजला, बसा. माझ्यावर डाव सोडल्याचा आरोप आहे. माझ्यावर. लोक लोंबकळत असताना मी कधी काम सोडलं नाही, आणि हा गृहस्थ म्हणतो मी प्यादी सोडून पळतो. जोवर ही भानगड सापडत नाही तोवर मी त्याला तोंड दाखवणार नाही, आणि सापडली की दाखवल्याशिवाय राहणार नाही."

"मोबाईलवर खेळा की," मी म्हटलं. "वायरची कटकटच नको."

"म्हणजे हवेवर?" काकांनी माझ्याकडे लिफ्टमध्ये उड्या मारणाऱ्या पोराकडे पाहावं तसं पाहिलं. "हवेच्या भरवशावर मी कधी काही लटकवलं नाही. वायर म्हणजे वायर. डोळ्यांना दिसते, हाताला लागते."

पहिला हल्ला इंटरनेट कंपनीवर झाला. फोनवरच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, "सर, राउटरचा डबा बंद करून पुन्हा चालू करा."

"का?"

"सर, त्याने सुरू होतं."

"सुरूच आहे. मला ते बंद का पडतं ते हवंय. बाई, मी लिफ्टवाला. आत माणूस अडकलेला असताना मी त्याला बंद करून चालू करायला सांगितलं असतं तर तुम्ही मला काय म्हटलं असतं?"

मुलीने काय म्हटलं ते कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी माणूस आला. त्याने डब्यावरचे दिवे पाहिले, मोबाईल काढून वेग मोजला, आणि "एक नंबर चालतंय" असं म्हणून निघाला. काकांनी दारात त्याची वाट अडवली.

"चालतंय ते मलाही दिसतंय. न चालेल तेव्हा बघा. थांबा तोवर."

"किती वेळ, काका?"

"बंद पडेपर्यंत."

तो बिचारा बराच वेळ थांबला. काकूंनी त्याला दोनदा चहा दिला. इंटरनेट गाईसारखं गरीब होऊन उभं होतं. शेवटी तो काकूंच्या पाया पडून निसटला. काकांनी मग स्वतःच्या हाताने डब्याची जागा बदलली, भिंतीवरची खोकी उघडून झाडली, डबा तापत असेल म्हणून त्याच्यावर टेबलफॅन सोडला. काकू उकडत्या खोलीत भाजी निवडत होत्या आणि डबा वारा खात होता.

"इतकी वर्षं झाली," त्या मला म्हणाल्या, "माझ्याकडे कधी पंखा वळवला नाही हो यांनी."

"तू मध्येच बंद पडत नाहीस," काका म्हणाले. माझ्या माहितीत काकूंचं त्यांनी केलेलं हे एकमेव कौतुक.

काकूंनीही त्याची परतफेड लगेच केली. "पण भाऊजी, यांचं बंद पडतं तेव्हा माझ्या मोबाईलवर याच डब्यावरून चालूच असतं. मालिका एकदाही अडकली नाही."

काका गर्रकन वळले. "हे आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलंत कधी?"

म्हणजे कंपनी निर्दोष, डबा निर्दोष. भानगड डब्यापासून कॉम्प्युटरपर्यंतच्या वायरमध्ये. काकांना पुरावा पटला, पण मान्य होईना, कारण ती वायर त्यांनी स्वतः बसवली होती. आणि काय बसवली होती! भिंतीवरून टेबलाच्या पायाला, तिथून वर, प्रत्येक वितीला चिमटा ठोकून, वीणेच्या तारेसारखी ताठ. बोटाने छेडली असती तर सूर निघाला असता. कुठे इंचभर ढील नाही. लिफ्टच्या माणसाला लोंबती वायर म्हणजे बेअब्रू.

"ही तुटायची नाही," ते म्हणाले. "तरी तपासू. मशीन आपल्यासमोर नखरे करत नसेल तर ज्या अवस्थेत ते करतं ती अवस्था आणायची. तिसरा मजला, माझ्याशी खेळा. वरून, तुमच्या घरून."

मी खेळलो. वायर तुटेपर्यंत खेळायचं ठरलं होतं, पण माझा राजा त्याआधीच तुटायचा. चार संध्याकाळी काकांनी मला असं काही पाणी पाजलं की इंटरनेटला निघून जायला सवडच मिळाली नाही. मग व्याह्यांशी एक डाव झाला आणि ऐन मध्यावर ते गेलं.

"म्हणजे इंटरनेट व्याह्यांना घाबरतं," मी म्हटलं.

"तसं नाही," काकू भाजीतून मान वर न करता म्हणाल्या. "हे हरायला लागले की पाय हलवतात."

"कोण पाय हलवतं?"

"तुम्ही. लग्नापासून. मुलाच्या निकालाच्या दिवशी तर टेबलावरचे पेले खाली आले होते."

"मी पाय हलवत नाही," काकांनी जाहीर केलं. "मी लिफ्टच्या टपावर उभा राहिलेला माणूस आहे. माझा पाय हलला असता तर मी आज इथे नसतो."

यावर एकच उपाय होता. दुसऱ्या संध्याकाळी व्याह्यांशी डाव लागला तेव्हा मी टेबलाखाली होतो. हातात बॅटरी, नाकासमोर काकांची दोन पावलं, आणि मागे कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलेला प्लग, त्याच्या बाजूला एक इवला हिरवा दिवा. वर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, पण दिसण्याची गरजच पडली नाही. सुरुवातीला पावलं पुतळ्याची होती. मग उजवा अंगठा उचलला गेला. व्याह्यांचा उंट मोकळा झाला असणार. मग टाच वर आली आणि थरथरू लागली. आता काकांचा हत्ती गेला असावा. पुढे तो पाय शिवणयंत्रासारखा चालू झाला. टेबल गदगदायला लागलं, ताठ वायर टेबलाबरोबर हिसके खायला लागली, प्लग दर हिसक्याला केसभर मागे सरकला आणि हिरवा दिवा विझला.

"गेलं," वरून काका ओरडले. "बघा, गेलं. मी काही केलं का?"

मी प्लग हातात घेऊन बाहेर आलो. त्याला अडकवून धरणारी प्लॅस्टिकची चिमुकली जीभ मोडून गेली होती. वायर इतकी ताणलेली की ती जीभ कधीतरी ताणानेच तुटली असावी. मग नुसता पाय पुरे. आणि काका टेबलाखाली वाकून वायर हलवायचे तेव्हा प्लग पुन्हा जागी बसायचा.

काकांनी प्लग बराच वेळ बोटांत फिरवला.

"म्हणजे व्याही म्हणत होते ते खरंच," काकू म्हणाल्या.

"खरं नाही. वायर मी काढत नव्हतो. ती पायाने निघत होती."

"पाय कोणाचा?"

काकांनी प्लग खिशात घातला. मला वाटलं, आता हे प्रकरण गुपचूप मिटेल. नवी वायर येईल, कुणाला काही कळायचं नाही. व्याह्यांना खरं सांगायचं म्हणजे प्रत्येक तुटलेल्या डावात आपण हरत होतो हे स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं. पण काका उठले, नवी वायर आणली, आणि दातओठ खात तिचा एक भला मोठा ढिला वेढा टेबलामागे सोडला. तो लोंबता वेढा पाहून त्यांचा जीव किती तुटला असेल ते त्यांनाच माहीत. मग त्यांनी फोन लावला.

"व्याही, भानगड सापडली. हरायला लागलो की माझा पाय हलतो आणि पायाने वायर निघते."

कर चुकवणारा माणूस आपण होऊन कबुलीजबाब देतोय, असा प्रसंग व्याह्यांवर नोकरीत कधी आला नसावा.

"मग आता?" त्यांनी विचारलं.

"तुटलेले सगळे डाव पुन्हा. पहिल्यापासून नाही, जिथे तुटले तिथून. कॉम्प्युटरने सगळे जपून ठेवलेत."

"अहो, पण तिथून तर तुम्ही हरताय."

"हरतोय तर हरेन. पण पटावर बसून हरेन. सोडून गेलो म्हणायचं नाही. रविवारी सकाळी या. आणि येताना, ज्यांच्यासमोर बोललात त्यांनाही आणा."

व्याही आले. मुलगा आला, सूनबाई आली, समारंभातले पाहुणेही आले. व्याह्यांना मुलाचा लॅपटॉप देऊन आतल्या खोलीत बसवलं. काकांनी टेबलावरचा कपडा उचलून मागे टाकला, म्हणजे वायर आणि पाय दोन्ही साऱ्यांना दिसावेत. "पाय हलेल," त्यांनी सर्वांना बजावलं. "हलू दे. नजर वायरवर ठेवा."

पाय पहिल्या डावापासून हलला. टेबल दुपारपर्यंत नाचत होतं, काकूंनी पेले आधीच उचलून ठेवले होते. वायर एकदाही निघाली नाही. काका सगळे डाव हरले.