वरचा सा

आत्या सकाळी उठली की आधी फ्रीजला हात लावायची. दारावर तळवा टेकवून, डोळे मिटून आतली घरघर ऐकायची आणि त्याच सुरात हळूच ‘आ’ लावायची. मग म्हणायची, "आज जरा उतरलाय." फ्रीज उतरलाय की गळा, ते आम्हाला कधीच कळलं नाही. काका, म्हणजे आत्याचे यजमान, म्हणायचे, "या घरात फ्रीजची रोज विचारपूस होते. मी काय, पडलोय आपला कोपऱ्यात."

दिवसभर ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात असायची. चेन बदलायची, पँटी आखूड करायची, पोट सुटलेल्यांचे कोट सैल करून द्यायची. संध्याकाळी बाईंकडे जायची. बाई म्हणजे गावातल्या नावाजलेल्या गायिका. आत्या त्यांची शिष्या आणि मैफलीत त्यांच्या मागे तंबोरा घेऊन बसणारी. नुसता तंबोरा नव्हे, गळ्याचीही साथ. बाईंनी श्वास घेतला की तेवढ्यापुरता सूर धरून ठेवायचा, त्या परत आल्या की बाजूला व्हायचं. ऐकणाऱ्याला दुसरा गळा आहे हे जाणवता कामा नये.

बाईंचा नियम एकच होता. "वरचा सा माझा. तू निषादापर्यंत ये आणि सोड." आलापी चढत चढत ज्या सुरावर पोचते आणि सभागृह सुटकेचा श्वास टाकतं, तो वरचा सा. निषाद त्याच्या एक पायरी खाली. बाई दुष्ट नव्हत्या. आत्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्या उशाशी त्याच बसून होत्या. पण दाद त्या सुराला मिळते, आणि ती वाटून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

दर थंडीत वाचनालयाच्या सभागृहात फक्त स्त्रियांच्या गाण्याची मालिका व्हायची. पाच संध्याकाळी, पाच गळे. शेवटची संध्याकाळ बाईंची. एका वर्षी मालिका तोंडावर आली आणि बाई गेल्या. पुढच्याच आठवड्यात मालिकेच्या सचिवबाई दुकानात आल्या. आत्याच्या तोंडात टाचण्या होत्या.

"शेवटची संध्याकाळ तुम्ही गायची."

आत्यानं एकेक टाचणी काढून उशीत खोचली. "मी मागे बसणारी हो."

"मग आता पुढे बसा. चार हातांचं तर अंतर आहे!"

घरी काकांनी नेहमीप्रमाणे चिडवलं. "बरं झालं. इतकी वर्षं लोकांना तुझा नुसता डावा कान दिसायचा." पण त्या रात्री त्यांनीच तिच्यासाठी पाणी गरम करून आणलं. आत्या मला म्हणाली, "एकदा चारचौघांत तो सा लावायचाय गं. माझ्या गळ्यात तो आहे का, मला तरी कळू दे."

तो होता. महिनाभर मी शेजारच्या खोलीत अभ्यास करत होते आणि भिंतीपलीकडून तो यायचा. बाईंसारखा झळझळीत नव्हता. उन्हात वाळवलेल्या चादरीसारखा ऊबदार, किंचित खरखरीत. तो लागला की मी वाचता वाचता थांबायचे.

त्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. बाईंची धाकटी शिष्या आता तंबोऱ्यावर होती, आत्या पुढे. सुरुवातीला तिचा आवाज कापला, मग स्थिरावला. ती सावकाश चढू लागली. एकेका सुरावर रेंगाळत निषादापर्यंत पोचली. लोक पुढे झुकले. मी खुर्चीचा हात धरला.

आणि तिनं सूर सोडून दिला.

मान किंचित उजवीकडे वळवून तिनं पाहिलं. इतकी वर्षं तिच्या जागेवरून बाई तिथेच दिसत आल्या होत्या. आता तिथे मोकळं स्टेज होतं. नुसता तंबोरा वाजत राहिला. ती खाली आली, पुन्हा चढली, पुन्हा निषादावर सोडलं. तिसऱ्यांदाही तेच झालं. माझ्यापुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले.

शेवटी सगळे उभे राहिले. सचिवबाई माइकवर म्हणाल्या, "आज आपल्या गुरूंसाठी यांनी वरचा सा रिकामा ठेवला. याहून मोठी श्रद्धांजली कोणती?" टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी पेपरातही तसंच छापून आलं. काकांनी ते कात्रण कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

मैफलीच्या रात्री घरी आल्यावर आत्या केसांतले आकडे काढत पलंगावर बसली होती. "मी काही रिकामं ठेवलं नाही," ती म्हणाली. "लावायचाच होता. गळाच थांबला. कुणी खांद्यावर हात ठेवून थांबवावं ना, तसा."

"मग सांग ना त्यांना."

"काय सांगू? बाईंनी मला थांबायला शिकवलं, ते मी पुरतं शिकले, असं?" तिनं आकडे डबीत टाकले. "लोक रडले गं त्यावर. रडलेल्या माणसांना काय सांगायचं."

त्यानंतर घरीही तो सूर लागेना. भिंतीपलीकडून आलाप चढायचा, मी वाट पाहायचे, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. हळूहळू आलापही बंद झाले. काका आता फ्रीजवरून चेष्टा करत नसत. एकदा त्यांनी ते कात्रण काढायचा प्रयत्न केला, पण ते फाटायला लागलं, म्हणून तसंच राहू दिलं.

आत्या पुढच्या थंडीत गेली. दुकानातच, मशीनपुढे बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, तिला काही कळलंही नसेल. आदल्या दुपारी सचिवबाईंनी मला फोन केला होता. यंदाही आत्यानंच शेवटची संध्याकाळ गावी, आणि गेल्या वर्षीसारखाच सा रिकामा ठेवावा, लोक त्यासाठीच येतील, असं त्यांचं म्हणणं होतं. मी लगेच आत्याला दुकानात फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मागे मशीन चालू होतं, ते थांबलं.

"घसा बसलाय म्हणावं," ती म्हणाली. "आणि ऐक, तुझ्या कोटाची बाही झालीय. अस्तरही बदललंय. सहाच्या आत ये, नंतर मी कुलूप लावते."