जिभेखालची गोळी आणि गालातला खर्रा

धाकट्या दिराला दुखणे थांबवायच्या इंजेक्शनांचे व्यसन लागले होते. ते सुटावे म्हणून नागपूरच्या केंद्रातून जिभेखाली ठेवायची गोळी सुरू झाली. काही ठिकाणी याच कामासाठी मेथाडोन नावाचे पातळ औषध पाजतात. आमच्या वाट्याला गोळी आली. रोज घ्यायची आणि बरीच वर्षे घ्यायची, असे डॉक्टरांनी बजावले होते. सासूबाईंनी त्यातले 'बरीच वर्षे' ऐकलेच नाही.

भाताच्या रोवणीत आमगावहून रोज नागपूर गाठणे शक्य नव्हते, म्हणून आठवड्याच्या गोळ्या माझ्या ताब्यात मिळाल्या. सकाळी मी गोळी हातावर द्यायची, तो ती जिभेखाली ठेवून अंगणात जायचा. तरी दुपारपर्यंत तलफेने नाक वाहायचे, जांभया सुरू व्हायच्या, पाय ओढायचे. भाताच्या बांधीत उभा राहीना.

"वहिनी, काहीच फरक पडून नाही राहिला. मी एकदा गोंदियाले जाऊन येतो."

कशाला, ते विचारायची गरज नव्हती. त्याची इंजेक्शने तिथेच मिळायची.

"औषध लागू पडत नाही, त देऊन कायले राहिली?" सासूबाई म्हणाल्या. "बंद कर."

डॉक्टरांना फोन करून गोळी वाढवून मागावी, असे माझ्याही मनात आले. त्याआधी एका सकाळी मी त्याच्या मागोमाग अंगणात गेले. हा गडी तोंडात गोळी असतानाच गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा भरून कुंपणावर पिचकाऱ्या मारत होता. औषध सगळे कुंपणाला.

"हे काऊन?"

"कडू लागते ना, वहिनी."

"इंजेक्शन काय गोड लागत होतं?"

दुसऱ्या दिवसापासून त्याला ओट्यावर माझ्यासमोर बसवले. आधी खिसे रिकामे, मग चूळ, मग गोळी. ती विरघळेपर्यंत बोलायचे नाही, गिळायचे नाही, थुंकायचे नाही. मी भाजी निवडायची, तो माझ्याकडे डोळे वटारून बघायचा.

काही दिवसांत तो संध्याकाळपर्यंत रोवणीत टिकू लागला. भात दुसऱ्यांदा मागून घेऊ लागला. गोंदियाचे नाव काढले नाही.

तर एका सकाळी सासूबाई दातांना तंबाखूची गुडाखू घासता घासता म्हणाल्या, "आता बरा झाला ना तो? मंग बंद कर."

आधी लागू पडत नाही म्हणून बंद, आता लागू पडली म्हणून बंद.

"गोळी घेऊन राहिला म्हणूनच बरा आहे तो," मी म्हटले. "तुम्ही आजपासून गुडाखू सोडा, मग बोलू."

"मी कायले सोडू? माहं डोकं दुखते."

"त्याचंही अंग दुखते."

त्या थुंकायला उठल्या. मी कपाटातून गोळी काढली, पुन्हा कुलूप लावले आणि दिराला चूळ भरून यायला सांगितले.